कमला म्हणजे फक्त मिल नव्हे!

मैत्रिणींनो, आमच्या लोअर परळमध्ये कमला म्हटलं, की लोकांना एकच गोष्ट आठवते. कमला मिल! एके काळी तिथे भोंग्यावर माणसं आत-बाहेर करायची, आता तिथे काचेची ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. त्यामुळे आमच्या चाळीतल्या एका मुलीला मी कमलाबाई सोहोनींची गोष्ट सांगायला लागले, तेव्हा तिने मला अगदी साधेपणाने विचारलं, की मिल ह्यांच्याच नावाची का? मला हसू आलं. मग वाटलं, हसायचं कशाला? मला तरी हे नाव कुठे माहीत होतं! मी कला शाखेची पदवीधर. दुर्गाबाई भागवतांची पुस्तकं वाचलेली, त्यांचं ‘खमंग’ तर माझ्या स्वयंपाकघरातच असतं. पण त्यांची सख्खी धाकटी बहीण केवढी मोठी रसायनशास्त्रज्ञ होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

विषय निघाला तो कडव्या वालांवरून. ही मुलगी दहावी झालेली, विज्ञानात छान मार्क. तिला सायन्सला जायचं होतं आणि घरच्यांचं म्हणणं, कॉमर्स घे. सायन्सची प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत चालतात, क्लासची फी परवडत नाही, आणि मुलीची जात उशिरा घरी येणार... कारणं तुम्हाला पाठ असतील. तिची आई माझ्याकडे आली, म्हणाली, की ताई, तुमचं ती ऐकते, तुम्हीच समजवा. मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. तीही परातीपाशी बसून सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, की ते अणू-रेणू शिकून करायचं काय? शेवटी वालच सोलायचेत ना!

खरं सांगू? मी तिला हो म्हणणार होते. माझ्या वेळीही आमच्या घरात अगदी हेच बोलणं झालं होतं, आणि मी गुपचूप कलेचा फॉर्म भरला होता. तेच वाक्य आता माझ्या तोंडून दुसऱ्या मुलीला जाणार होतं. पण हातात वाल होते, आणि त्या वालांवरूनच मला कमलाबाई आठवल्या. का, ते पुढे सांगते.

कमला भागवत ही इंदूरला जन्मलेली, शिकलेल्या घरातली मुलगी. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्राचे. दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. थोरल्या दुर्गेने पुढे साहित्य आणि लोकसंस्कृतीची वाट धरली, तर कमलाने वडिलांची आणि काकांची. १९३३ साली ती मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि यादीत पहिला नंबर! पहिल्या आलेल्या मुलीने वडील-काका शिकले त्याच संस्थेत संशोधनाला अर्ज करावा, ह्यात वावगं ते काय? तिने अर्ज केला.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल मिळवलेले, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान वाटावा असे शास्त्रज्ञ. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती. मुलींना संशोधन झेपणार नाही, असं त्यांचं मत होतं. मार्क कमी असते तर गोष्ट वेगळी. पण मार्कांचा प्रश्नच नव्हता.

आपल्यातली कुणी असती तर रडून गप्प बसली असती. कमला बंगलोरला गेली आणि रामन ह्यांच्यासमोर उभी राहिली. आपल्याला का घेत नाही, ह्याचं कारण मागितलं. तो काळ गांधीजींचा. ह्या मुलीनेही तिथे सत्याग्रहच मांडला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून! पहिलं वर्ष ती रीतसर विद्यार्थिनी धरली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये! म्हणजे लक्ष त्यांचं विचलित व्हायचं आणि जबाबदारी हिची.

कमलाने अटी मान्य केल्या. मन मारून केल्या. तो अपमान ती विसरली नाही. पुढे म्हातारपणी, भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने त्यांचा सत्कार केला, तेव्हाही त्यांनी हे सारं स्पष्ट बोलून दाखवलं. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर असले तरी बायकांच्या बाबतीत संकुचित मनाचे होते, असंच त्यांचं मत अखेरपर्यंत होतं.

पण त्या एका वर्षात तिने काय केलं, ते बघा. श्रीनिवासय्या नावाचे कडक शिस्तीचे पण शिकवण्याची हौस असलेले गुरू तिला मिळाले. त्यांच्या हाताखाली ती दूध, डाळी आणि कडधान्यं ह्यांतल्या प्रथिनांवर काम करू लागली. बायकांच्या रोजच्या हातातल्याच वस्तू! काम पाहून रामन ह्यांना मत बदलावं लागलं. १९३६ साली तिला विशेष प्रावीण्यासह मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एकीने वर्षभर परीक्षा दिली, म्हणून मागच्यांची वाट मोकळी झाली.

इथवर गोष्ट आली आणि मुलीची आई मध्येच म्हणाली, की हे सगळं ठीक, पण अणू-रेणू म्हणजे काय ते तरी सांगा! मी आर्ट्सची, पण ह्या मुलीचा अभ्यास घेता घेता मीही पुस्तक वाचलं होतं. जे समजलं ते तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

आपल्या मंगळसूत्रात काळे मणी असतात, सोन्याचे मणी असतात. जगातली प्रत्येक वस्तू अशाच बारीक मण्यांची बनलेली आहे. ते मणी म्हणजे अणू. मण्यांचे प्रकार शंभराच्या थोडे वर. लोखंड हा एक प्रकार, ऑक्सिजन एक, कार्बन एक, हायड्रोजन एक. हे मणी एकमेकांना जोडले, की होतो रेणू. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचा एक रेणू. रासायनिक अभिक्रिया म्हणजे जुनी सर उसवायची आणि तेच मणी नव्या तऱ्हेने ओवायचे. मणी तेवढेच राहतात, ओवणी बदलते. ओवणी बदलली, की वस्तूच बदलते, तिचा रंग, चव, गुण, सगळं.

तवा ओला राहिला तर गंजतो. लोखंडाच्या अणूंनी हवेतल्या ऑक्सिजनचा हात धरला, पाण्याने त्याला मदत केली, आणि लोखंडाचा गंज झाला. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं, की फसफसतं. दोघांतले अणू नव्याने जोडले जाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, त्याचेच ते बुडबुडे. साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला, की तो लाल होतो. साबण अल्कलीच्या गुणाचा असतो, तो हळदीच्या रेणूतला हायड्रोजन काढून घेतो आणि पिवळ्याचा लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करायच्या आपल्या आज्या, त्यांनी हीच क्रिया पिढ्यान् पिढ्या केली. साखर पाण्यात विरघळते, तेव्हा मात्र साखरेचा रेणू तसाच राहतो. पाणी आटवलं, की साखर परत हाती येते. ती अभिक्रिया नव्हे.

आई म्हणाली, की म्हणजे हे सगळं आपण करतोच की! मी म्हटलं, करतो, पण का होतं ते विचारत नाही. कमलाने ते विचारलं.

१९३७ साली कमला शिष्यवृत्तीवर इंग्लंडला केंब्रिजला गेली. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. त्यांच्या विभागात आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल ह्या शास्त्रज्ञांबरोबर तिने काम केलं. कशावर केलं? बटाट्यावर! आपण भाजीसाठी आणतो त्याच बटाट्यावर.

बटाटा कापून ठेवलेला असो वा पोत्यात पडलेला, तो जिवंत असतो, श्वास घेत असतो. श्वास घेणं म्हणजे नुसती हवा आत-बाहेर करणं नव्हे. पेशीच्या आत अन्नाचे रेणू मोडतात आणि त्यातून जगायला लागणारी शक्ती मिळते. त्या कामात सायटोक्रोम-सी नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या पोटात मधोमध लोखंडाचा एक अणू बसलेला असतो. प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन नावाचे त्याहूनही बारीक कण असतात. हा लोखंडाचा अणू एका बाजूने इलेक्ट्रॉन घेतो आणि दुसऱ्या बाजूला देऊन मोकळा होतो. पुन्हा घेतो, पुन्हा देतो. स्वतः संपत नाही.

हे मला समजलं ते आमच्या चाळीच्या नळावरून. पाणी थोडा वेळ येतं, तेव्हा आम्ही बायका जिन्यात रांगेने उभ्या राहतो. एकीने बादली घ्यायची, दुसरीच्या हातात द्यायची. मधली बाई जागची हलत नाही, पण तिच्याशिवाय पाणी वर चढत नाही. सायटोक्रोममधला लोखंडाचा अणू म्हणजे ती मधली बाई. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनला जवळ करतो आणि त्याचं पाणी होतं. वनस्पतींच्या पेशींत हे सायटोक्रोम-सी असतं आणि त्यांच्या श्वसनात ते काम करतं, हे कमलाने दाखवलं. आपल्याही शरीरात हीच रांग चालू असते. म्हणजे बटाटा, आपण, अंगणातली तुळस, सगळ्यांचा श्वास आत एकाच रीतीने चालतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

ह्या कामावर तिने प्रबंध लिहिला तो अवघ्या चाळीस पानांचा, आणि तोही सुमारे चौदा महिन्यांच्या कामानंतर. १९३९ साली केंब्रिजने तिला पीएच.डी. दिली. विज्ञानात केंब्रिजची पीएच.डी. मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. ज्या मुलीला सहा वर्षांपूर्वी संशोधन झेपणार नाही असं सांगितलं होतं, तीच ही.

पीएच.डी. हातात आल्यावर त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत. १९४७ साली मा. वि. सोहोनी ह्यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. लग्न झालं म्हणून प्रयोगशाळा सुटली नाही. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. आमच्या लोअर परळहून चर्चगेटची लोकल पकडली, की उतरून थोडं चालल्यावर ही दगडी इमारत लागते. किती वेळा त्या रस्त्याने गेले असेन, पण तिथे कुणी बाई बसून आपल्या ताटातल्या अन्नाचा हिशोब मांडत होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

आणि इथेच येतात आपले वाल! कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी गरिबांच्या ताटातल्या अन्नाचा अभ्यास करत. कडधान्यं, वाल-पावटे, नीरा. आपण प्रथिनं खातो, तेव्हा पोटात ट्रिप्सिन नावाचं एक पाचक द्रव्य त्यांचे लांबलचक रेणू तोडून लहान करतं, तेव्हाच ती अंगी लागतात. पण कच्च्या कडधान्यांत काही द्रव्यं अशी असतात, की ती ट्रिप्सिनचाच हात धरून ठेवतात, त्याला काम करू देत नाहीत. मग खाल्लेलं नीट पचत नाही. वालात अशी द्रव्यं असतात. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने त्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यावरचे निबंध १९५० च्या दशकात छापून आले. नीट शिजवलं, की उष्णतेने ह्या द्रव्यांची घडी मोडते आणि ती निकामी होतात. आपल्या आज्या-पणज्या वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवून बिरडं करायच्या. त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यामागचं कारण शोधायला मात्र प्रयोगशाळेत जाणारी बाई लागली.

मी हे सांगितलं, तेव्हा मुलीच्या आईचा हात परातीत थांबला. वाल हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

नीरेचं कामही असंच. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. ताडा-माडाचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढलं, की त्यातल्या साखरेचं यीस्टमुळे मद्य होऊ लागतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि नीरेची ताडी होते. तीही एक अभिक्रियाच. म्हणून नीरा ताजी प्यायची. ह्या नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आणि तिचा गूळ केला तरी त्यांतलं बरंच टिकतं, असं कमलाबाईंनी दाखवलं. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर बाया ह्यांना स्वस्तात पोषण कसं मिळेल, हा त्यामागचा हेतू. ह्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. आरेच्या दूध योजनेलाही त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला.

तरी सगळं सरळ झालं असं समजू नका. संस्थेचं संचालकपद त्यांच्या हक्काचं होतं, पण अंतर्गत राजकारणात ते चार वर्षं अडकलं. बंगलोरला दारात अडवलेली मुलगी आता पन्नाशीची विदुषी झाली होती, तरी तिला थांबावं लागलंच. अखेर त्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. मुंबईत १९६६ साली नऊ बायकांनी मिळून ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली होती. कमलाबाई १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ ह्या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. केंब्रिजची डॉक्टर बाई, पण विचार कशाचा? आपण दुकानातून जे आणतो ते चांगलं आहे का, ह्याचा. त्यांचं वाचून आमच्या महिला मंडळात आम्ही एक प्रयोग करतो. खव्याचा किंवा पनीरचा लहान तुकडा पाण्यात उकळायचा, गार झाल्यावर त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा-काळा रंग आला, तर त्यात पिठाची भेसळ आहे. पिठातल्या स्टार्चचा रेणू गुंडाळीसारखा असतो, त्यात आयोडीन अडकलं, की निळं दिसतं. तपासलेला तुकडा मात्र टाकून द्या, खाऊ नका. दिवाळीच्या आधी करून बघा.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात गेल्या. २०२३ साली १८ जूनला गूगलने त्यांचं चित्र आपल्या पानावर झळकवलं. तेव्हा मीही मोबाइलवर पाहिलं आणि शोधत गेले. माझी ओळख झाली ती अशी, इतक्या उशिरा.

आता त्या मुलीचं सांगते. वाल सोलून झाले, आई घरी गेली. मी तिला कॉमर्ससाठी समजवा म्हणून आले होते, ते विसरलात का, असं तिने विचारलं नाही. आठवड्याने मुलगीच आली. वडील सायन्सला हो म्हणाले होते, पण एका अटीवर. एक वर्ष बघू, जमलं तर पुढे! हे सांगताना ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, पण आतून काहीतरी टोचलं. १९३३ गेलं, बंगलोरच्या त्या संस्थेत आज कितीतरी मुली संशोधन करतात, आणि आमच्या चाळीत अजून एक वर्ष बघूच चालू आहे. मुलाच्या वेळी कुणी असं म्हणालं होतं का? तिच्या मोठ्या भावाचा प्रवेश कुठल्याच अटीवर झाला नव्हता.

कमलाच्या मागे वडील होते, काका होते, दोघेही त्याच विषयातले. ह्या मुलीच्या मागे कोण? तिची आई. तिने ठरवलंय, की प्रॅक्टिकलच्या दिवशी संध्याकाळी ती स्वतः स्टेशनवर जाऊन उभी राहील. घरकामाची एक वेळ तिने त्यासाठी सोडली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, मुलींना अटी घालणारे नेहमी कुणी दूरचे साहेबच असतात असं नाही. कधी कधी त्या आपल्याच तोंडून निघतात, वाल सोलता सोलता. माझ्या तोंडून निघणार होती, म्हणून सांगते. ह्या जूनमध्ये तुमच्या घरातली मुलगी फॉर्म घेऊन आली, तर एवढंच करा. अट घालायच्या आधी तिला विचारा, की तिला काय शिकायचंय. आणि ती उत्तर देईल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. वाल काय, उद्याही सोलता येतात!